वीतभर अंतर

१

अंगठी हरवली बुधवारी, आणि चोर ठरला त्याच संध्याकाळी. असा झटपट न्याय काही ठरावीक घरांतच मिळतो. तिथे पगारावर राबणारं माणूस एकच असतं आणि बाकी सगळे सभ्य असतात.

अंगठी हिऱ्याची, ताईंच्या आईची. ताई वर्षभर वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या. बोटं सुजायची म्हणून अंग पुसताना देखभालीला ठेवलेली सिस्टर ती अंगठी काढायची आणि खोलीबाहेरच्या कपाटावर एका बशीत ठेवायची. त्या बुधवारी संध्याकाळी ती अंगठी परत घालायला गेली, तर बशी रिकामी. बिचारी स्वतःच धावत खाली आली आणि स्वतःच सांगून मोकळी झाली. चोराने असं कधी केलं आहे का, हा प्रश्न त्या घरात कुणालाही पडला नाही.

खाली हॉलमध्ये तीन पोक्त पुरुष शिशाच्या सैनिकांची लढाई खेळत होते. घरमालक, म्हणजे ताईंचे यजमान, यांना सगळे ‘सेनापती’ म्हणत. जन्मभर त्यांनी गाद्यांचा कारखाना चालवला होता आणि खरी बंदूक त्यांनी फक्त बँकेच्या दारात पाहिली होती. दुसरे दातांचे डॉक्टर. तिसरे एक वकील, ते पंच. सेनापतींनी लगेच मोठं मन दाखवलं. “आधी आमचे खिसे बघा,” म्हणाले, आणि सगळ्यांत आधी स्वतःचे खिसे उलटे केले. मग बाकीच्या दोघांनी केले. काही निघालं नाही. मग घर उलटंपालटं झालं, पिठाचे डबेसुद्धा चाळले. त्यातही काही निघालं नाही. राहता राहिली सिस्टर. तिच्या पिशवीतही काही नव्हतं, पण तोवर मंडळी दमली होती आणि त्यांना डाव पुढे न्यायचा होता. सिस्टरला त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं.

ही सगळी हकीगत भरारीबाईंच्या कानावर यायला बारा दिवस लागले. भरारीबाई ताईंची धाकटी बहीण. विद्यापीठाच्या परीक्षांत कॉपी पकडणाऱ्या भरारी पथकाची प्रमुख म्हणून तिने उभी हयात घालवली होती, त्यावरून हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतरही सुटलं नाही. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, पकडलेली आणि न पकडलेली, असं तिचं मत होतं. बहिणीला सहज भेटायला म्हणून ती सोमवारी आली. पाहते तर उशाशी एक अनोळखी बाई बसून मोबाइल बघत होती आणि ताईंच्या पाठीला जखम झाली होती.

“सिस्टर कुठाय?” भरारीबाईने विचारलं.

ताईंनी सगळं सांगितलं. मग बहिणीचा हात घट्ट धरून म्हणाल्या, “ती मला दर दोन तासांनी कुशीवर वळवायची गं. ही हाक मारली तरी येत नाही. गुरुवारी तिच्या नर्सिंग ब्यूरोत तिचा निकाल आहे. नाव कापलं, की तिला कुठेच काम मिळणार नाही. आणि मी इथे अशीच सडणार.”

“गुरुवार लांब आहे,” भरारीबाई म्हणाली.

गुरुवार काही लांब नव्हता, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

२

“तुम्ही कशाला त्रास घेता?” सेनापती म्हणाले. “प्रकरण मिटलंय. पोलिसांतही गेलो नाही मी. माणुसकी म्हणून.”

“भावोजी, मला तुमचा खेळ बघायचाय,” भरारीबाई म्हणाली.

बायको पाठीच्या जखमेने कण्हत होती, त्याबद्दल या गृहस्थांनी दोन दिवसांत अवाक्षर काढलं नव्हतं. खेळ म्हणताच मात्र त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कमरेची किल्ली काढून हॉल उघडला आणि वकीलसाहेबांना फोन करून बोलावून घेतलं. कारण नियम समजावून सांगणं हे पंचाचं काम, असाही एक नियम होता.

हॉल घरातली सगळ्यांत चांगली खोली. दोन मोठ्या खिडक्या, बाहेर झाडं, दिवसभर ऊन. मधोमध चार दारं जोडल्याएवढं टेबल. त्यावर हिरवं कापड, कागदाच्या लगद्याच्या टेकड्या, रंगवलेली नदी, कोपऱ्यात एक पवनचक्की. आणि सगळीकडे वाटीएवढी लाकडी झाकणं पालथी घातलेली, काही निळी, काही तांबडी. टेबलाखालची फरशी लखलखीत होती. कापडावर मात्र धूळ बसली होती.

“प्रत्येक बाजूला आठ झाकणं,” वकील कोर्टात उभे असल्यासारखे बोलू लागले. “पाचांखाली एकेक पलटण. प्रत्येक पलटणीत एक निशाणवाला. उरलेल्या तिघांखाली काही नाही. त्यांना आम्ही भुतं म्हणतो. समोरच्याला कळता कामा नये की पलटण कुठली आणि भूत कुठलं.”

“म्हणजे आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.”

“वाकून नाही! झाकण सरकवायचं ते छडीने. हात लावायचा नाही. दोन शत्रू एकमेकांपासून वीतभर अंतरावर आले, की फक्त पंच दोन्ही झाकणं उचलून बघतो आणि कोण जिंकलं ते सांगतो. मेलेली पलटण या पत्र्याच्या डब्यात. डाव संपेपर्यंत डबा उघडायचा नाही, म्हणजे कोण किती उरलंय ते कुणालाच कळत नाही.”

“तुम्हाला तर कळत असेल?”

“पंचाने मोजायचं नाही, असा आमचा घरचा नियम आहे,” वकील अभिमानाने म्हणाले. “चेहऱ्यावर दिसतं ना!”

बिनडोकपणाला नियमाचा दर्जा दिलेला भरारीबाईने परीक्षा मंडळातही पाहिला होता, पण इतका नटूनथटून नाही. “आणि डाव संपला की?”

“जिंकणारा आपली झाकणं स्वतः गोळा करतो. हरणाऱ्याची झाकणं मी सगळ्यांदेखत उघडतो. शरणागतीचा मान तो!”

“म्हणजे मधे कुणी हात लावतच नाही?”

“एकदाच. पूर्ण डावात एकदा पडदा असतो. बाकीचे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि सेनानी आपल्या झाकणांखाली हवी ती अदलाबदल करतो. या डावातला पडदा झाला की! मागच्या—” वकील थांबले. “त्याच बुधवारी झाला. मधल्या सुट्टीनंतर. आधी डॉक्टर, मग सेनापती.”

भरारीबाईने टेबलाकडे पाहिलं. घरातले पिठाचे डबे चाळले होते. या टेबलावर मात्र बोटाचा एक ठसा नव्हता.

३

सिस्टर बहिणीकडे राहत होती. एका खोलीत शिलाई मशीन, दोन खाटा आणि भिंतीला टांगलेला इस्त्री केलेला पांढरा गणवेश. तिने भरारीबाईला बसायला खुर्ची दिली, पण चेहरा मऊ केला नाही.

“तुम्ही त्यांच्या घरच्या ना?”

“बायकोकडच्या,” भरारीबाई म्हणाली. “त्याने फरक पडतो.”

“काकूंची पाठ कशी आहे?”

भरारीबाई खोटं बोलली नाही. सिस्टरने ओठ दाबले आणि खिडकीकडे पाहिलं. “मी सांगितलं होतं साहेबांना. एकदा नाही, दहादा. वरची खोली कोंदट आहे, जिना अरुंद आहे, चाकाची खुर्ची फिरत नाही. काकूंना खाली हॉलमध्ये आणा. खिडकी आहे, ऊन आहे, न्हाणीघर शेजारी आहे. काकूंनाही हवं होतं. त्यांनी सुताराला फोनसुद्धा लावायला सांगितला माझ्याकडून. टेबल सोडवून न्यायला.”

“कधी?”

“त्याच बुधवारी सकाळी. शनिवारी येतो म्हणाला होता.”

“आणि हे साहेबांना कळलं?”

“मीच सांगितलं. लपवायचं काय त्यात?” ती कडवट हसली. “मग जेवायच्या टेबलावर तिघांची कुजबुज. वकीलसाहेब मला म्हणाले, सिस्टर, तुम्ही तुमच्या कामापुरतं बघा.”

“तुम्ही गेल्यावर सुतार आला?”

“तुम्हीच बघितलं ना टेबल. आहे ना जागेवर?”

आहे, जागेवरच आहे. भरारीबाईला एकदम तिन्ही सभ्य गृहस्थ एका बाकावर बसलेले दिसले, एकाच प्रश्नाचं एकच उत्तर लिहिलेले. अंगठीसाठी कुणी अंगठी चोरली नव्हती. ज्या बाईच्या सांगण्यावरून टेबल हलणार होतं, ती बाई हलवायची होती. आणि हे कारण तिघांनाही सारखंच लागू होतं.

“सुट्टीत कोण वर आलं होतं?”

“तिघंही. खालचं न्हाणीघर तुंबलं होतं त्या दिवशी. बशीसमोरून तिघंही गेले. डॉक्टर बराच वेळ आत होते. साहेब काकूंच्या खोलीतही डोकावले.” सिस्टर थांबली. “बाई, तुम्ही चोर शोधणार आणि मग काय? घरातलं माणूस निघालं तर झाकून टाकणार. मला परवा ब्यूरोत बोलावलंय. चौदा वर्षं मी परक्या माणसांची अंगं पुसलीत. कुणाच्या गळ्यातल्या साखळीकडे वर मान करून पाहिलं नाही. तिथे मी काय सांगू? अंगठी उडून गेली?”

भरारीबाई उठली. “अंगठी घरातच आहे. तिथून बाहेर जायला तिला कुणी वेळच दिला नाही.”

“सगळं घर शोधलं की त्यांनी.”

“सगळं नाही शोधलं,” भरारीबाई म्हणाली. “माझ्या अनुभवात कॉपी नेहमी एकाच जागी सापडते. जिथे हात घालायला सुपरवायझरला लाज वाटते तिथे.”

४

डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन रोगी गाल धरून बसले होते. खेळाबद्दल बोलायचं आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी त्यांना ताटकळत ठेवलं आणि भरारीबाईला आत घेतलं. आपल्या पराक्रमाला श्रोता मिळाला, की या माणसाला दुसऱ्याचा दात दुखलेला कळत नव्हता.

“चोरीबद्दल मला काही सांगू नका,” ते हात धूत म्हणाले. “बायकांच्या वस्तू बायकाच हरवतात. पण सेनापतींचं काय चाललंय, ते मला खरंच कळत नाही. असा डाव त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता.”

“वाईट?”

“वाईट? वेड्यासारखा! पवनचक्कीजवळ त्यांचं एक झाकण आहे. पडदा झाल्यापासून ते तिथेच आहे, केसभर हललं नाही. माझं एखादं झाकण नुसतं त्या बाजूला वळलं, की ते पुलावरची पलटण काढतात आणि मधे आणून मरायला उभी करतात. पूल गेला. टेकडी गेली. मागच्या दोन बुधवारी त्यांनी त्या चक्कीपायी निम्मं राज्य घालवलं.”

“मग तिथे काय असेल?”

डॉक्टरांनी आवाज खाली आणला, जणू कपाटातल्या दातांच्या कवळ्या ऐकत होत्या. “त्यांचा रिसाला, घोडदळ. सगळ्यांत दमदार पलटण. शेवटच्या हल्ल्यासाठी राखून ठेवली आहे. मी नाही त्याच्या वाटेला जात.”

“तुमच्या बाजूला असं एखादं झाकण आहे का, जागचं न हललेलं?”

“माझी आठही पुढे आहेत!” डॉक्टर दुखावले. “मी हल्ला करणारा माणूस आहे.”

हे खरं वाटलं. या माणसाला काही झाकून ठेवता येणं शक्य नव्हतं. पोटात गेलेलं पाणीसुद्धा तो चारचौघांत दाखवून आला असता.

“आणि वकीलसाहेब? झाकण उचलताना त्यांनी हातचलाखी केली तर?”

“आम्ही दोघं गिधाडासारखे त्यांच्या हाताकडे बघत असतो,” डॉक्टर म्हणाले. “या खेळात कुणी लबाडी करत नाही, बाई. खोटं बोलणं वेगळं आणि लबाडी वेगळी. चाळीस वर्षं झाली. घड्याळ चोरीला जाईल, बायको पळून जाईल, पण आमच्यातला कुणी डाव चालू असताना झाकणाला बोट लावणार नाही.”

भरारीबाई दाराशी थबकली. तिला जे कोडं सुटत नव्हतं, त्याचं उत्तर या माणसाने फुशारकीच्या भरात तिच्या हातावर ठेवलं होतं. हॉलची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याने अंगठी अजून तिथेच का ठेवली असेल?

५

बुधवारी संध्याकाळी तिघं जमले. भरारीबाई भिंतीला लागून स्टुलावर बसली. वरून ताईंची हाक आली. सेनापतींनी मान वर केली नाही. भरारीबाई वर जाऊन त्यांना कुशीवर वळवून आली, तोवर इकडे दोन चाली झाल्या होत्या आणि तिघांच्याही कपाळाला घाम होता.

नव्वद टक्के वेळ कुणी काही करतच नव्हतं. हनुवटी चोळायची, डोळे बारीक करायचे, छडी उचलायची, परत ठेवायची. आपण काहीतरी लपवतोय एवढ्यानेच या माणसांची छाती फुगत होती. घरी कुणी विचारत नाही, म्हणून इथे गुपितं तयार करायची, असा एकूण मामला.

मग डॉक्टरांचं एक तांबडं झाकण नदी ओलांडून पवनचक्कीकडे निघालं.

सेनापतींचा रंग उडाला. त्यांनी छडी घेतली, मागे एकटं उरलेलं निळं झाकण पुढे ढकललं आणि तांबड्याच्या वाटेत उभं केलं. वीतभर अंतर झालं. वकिलांनी दोन्ही झाकणं किंचित उचलली, आत पाहिलं आणि घसा साफ केला. “तांबडे विजयी.” ओंजळ झाकून त्यांनी निळे सैनिक उचलले आणि पत्र्याच्या डब्यात टाकले. खणखण आवाज झाला.

चक्कीकडची वाट आता मोकळी होती. डॉक्टरांनी छडी उचलली आणि ते घुटमळले. “चक्कीची वाट अशी मोकळी सोडतात म्हणजे काय,” ते स्वतःशी पुटपुटले. “सापळा आहे.” त्यांनी झाकण उजवीकडे वळवलं. सेनापतींनी श्वास सोडला. तो श्वास या टोकाला ऐकू आला.

भरारीबाई उठली, टेबलाशी गेली आणि तिने पत्र्याचा डबा उचलला.

“अहो, अहो! तो उघडायचा नाही!” वकील किंचाळले.

तिने डबा उघडून खिडकीच्या कट्ट्यावर पालथा केला. शिशाची मढी गडगडत बाहेर पडली. तिने त्यातले निळे निशाणवाले वेचून एका ओळीत उभे केले. पाच.

“वकीलसाहेब, तुम्हाला मोजायची बंदी आहे, म्हणून मी मोजते,” ती म्हणाली. “पाच पलटणी होत्या, पाचही मेल्या. भावोजींकडे एक माणूस शिल्लक नाही. टेबलावर आहेत ती नुसती भुतं.”

“मग मी जिंकलो!” डॉक्टर ओरडले.

“तुम्ही केव्हाच जिंकलात. प्रश्न असा आहे, की हे शरण का येत नाहीत? आणि यांनी पाच जिवंत पलटणी एका भुताला वाचवायला का मारल्या?”

सेनापतींनी छडी चक्कीजवळच्या झाकणासमोर आडवी धरली.

“हात लावू नका,” ते म्हणाले. “डाव चालू आहे.”

६

भरारीबाईने पवनचक्कीजवळचं झाकण हाताने उचललं. सरळ, पाचही बोटांनी.

हिरव्या कापडावर तिच्या आईची अंगठी होती.

“भुताला घाबरून मी पंधरा दिवस तिकडे फिरकलो नाही!” पहिला आवाज डॉक्टरांचा. “म्हणजे माझी सगळी उजवी फळी फुकट गेली!”

“झाकणाखाली परकी वस्तू,” वकील पुटपुटले. “नियमावलीत असं कुठेच नाही. आणि आता बाहेरच्या व्यक्तीने झाकण उचललंय. डाव रद्द धरावा लागेल.”

चोराबद्दल कुणी बोललं नाही. सिस्टरबद्दल तर नाहीच नाही. भरारीबाईने हजारो कॉपीबहाद्दर पाहिले होते. बिचारी पोरं निदान रडायची तरी.

“सुट्टीत बायकोला बघायच्या निमित्ताने वर गेलात,” ती सेनापतींना म्हणाली. “बशीतली अंगठी उचललीत. झडती होणार हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून लगेच पडद्याच्या वेळी ती इथे ठेवलीत आणि मग खिसे उलटे करायला सगळ्यांत पुढे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! डॉक्टरांनीही त्याच पडद्यात हात लावला होता, पण त्यांची आठही झाकणं मैदानात नाचतायत. जिवापाड जपलेलं झाकण एकच. तुम्हाला वाटलं, जिंकाल आणि आपली झाकणं आपण गोळा कराल. तेवढंही जमलं नाही.”

“मी ती परत देणारच होतो,” सेनापती म्हणाले. “डाव संपला की. गादीखाली सापडली म्हणून.”

“आणि सिस्टर?”

“तिला काय, दुसरं काम मिळालं असतं.” मग एकदम लहान पोरासारखा त्यांचा आवाज चढला. “शनिवारी सुतार येणार होता! चालू डाव मोडणार होती ती! कुणाला विचारलं तिने?”

“तुमच्या बायकोची पाठ कुजतेय, भावोजी.”

त्यांनी छडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. या वाक्यावर काय चाल करायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

“एकच सांगा,” भरारीबाई म्हणाली. “किल्ली तुमच्या कमरेला. घर तुमचं. पंधरा दिवसांत केव्हाही येऊन झाकण उचललं असतं आणि अंगठी काढून घेतली असती, तर मी काय, कुणीच काही सिद्ध करू शकलं नसतं. का नाही काढलीत?”

सेनापतींनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत खराखुरा संताप होता, दुखावलेल्या सज्जनाचा संताप.

“डाव चालू असताना?” ते म्हणाले. “मी? झाकणाला हात लावू? मला काय समजता तुम्ही?”

डॉक्टर आणि वकील दोघांनीही गंभीरपणे माना डोलावल्या. एवढं तरी मानलंच पाहिजे, असा त्यांचा भाव होता. भरारीबाईला इतकी किळस आली, की तिने अंगठी पदराने पुसली आणि ती घेऊन वर गेली.

७

गुरुवारी ब्यूरोत सेनापतींना स्वतः बोलावं लागलं. भरारीबाईने दुसरा पर्याय पोलीस ठाण्याचा ठेवला होता. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, “अंगठी कुणी घेतली होती?” सेनापती म्हणाले, “गैरसमज झाला होता.” सिस्टर इस्त्रीच्या गणवेशात त्यांच्यासमोर उभी होती. ती म्हणाली, “मी ऐकलं नाही. जरा मोठ्याने.” तिसऱ्या खेपेला ते बरोबर बोलले. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

“मी येईन,” बाहेर आल्यावर ती भरारीबाईला म्हणाली. “काकूंसाठी येईन. त्यांच्याशी मी बोलणार नाही, आणि त्यांनी माझ्याशी बोलायचं नाही.”

“हा घरचा नियम समजा,” भरारीबाई म्हणाली.

शनिवारी सुतार आला. वकील आणि डॉक्टर मदतीला येणार होते. वकिलांना अचानक कोर्टाचं काम निघालं. डॉक्टरांनी टेबल आपल्या गॅरेजमध्ये ठेवायचं कबूल केलं होतं, पण त्यांच्या बायकोने फाटकातूनच टेम्पो परत पाठवला. चार तुकडे झालेलं ते टेबल कारखान्याच्या गोदामात जुन्या गाद्यांवर जाऊन पडलं.

ताईंची खाट खिडकीशी लागली. वर्षभराने त्यांना झाड दिसलं. सिस्टर जखमेवरची पट्टी बदलत होती. भरारीबाई खुर्चीवर बसली होती, तेवढ्यात सेनापती आत आले. हातात छडी नव्हती, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. ते चालत खाटेपर्यंत आले आणि बायकोच्या उशीशी वाकले.

“थांबा,” ताई म्हणाल्या.

ते थांबले.

“चाळीस वर्षं मी जिन्यावर बसून तुमचे नियम ऐकलेत. वीतभर अंतरावर आलं, की झाकण उघडायचं ना? आलात तुम्ही वीतभर अंतरावर.” ताईंचा आवाज थकलेला होता, पण हलला नाही. “मी वर कण्हत होते आणि तुम्ही माझ्याच अंगठीचा आळ माझ्याच माणसावर घातलात. का हो? मनात काय होतं तुमच्या? खरं असेल ते सांगा. वाईट असलं तरी चालेल. मला नुसतं बघायचंय, आत काय आहे.”

सेनापतींनी तोंड उघडलं. सगळ्यांनी वाट पाहिली. ताईंनी तर अशी पाहिली, की भरारीबाईला बहिणीकडे बघवेना. एक शब्द आला असता तरी त्या बाईने तो घेतला असता. राग, भीती, मत्सर, काहीही चाललं असतं.

ते तसेच वाकून उभे राहिले. त्यांनी ओठ हलवले, मिटले, पुन्हा उघडले. मग म्हणाले, “सुताराने नदीचा तुकडा नीट बांधलाय ना?”

ताईंनी डोळे मिटले आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

भरारीबाई उठून दारापर्यंत गेली आणि तिने दार उघडून धरलं. सेनापती बाहेर निघून गेले. सिस्टरने कोमट पाण्यात कापड पिळलं आणि म्हणाली, “काकू, आता कुशीवर वळू या. माझ्या खांद्याला धरा.”